तीन हिरवे दिवे



संयोजकांनी मला सांगितलं, विमानांच्या गमतीजमती सांग. राजेहो, गमती फारशा नाहीत. मी वैमानिक नव्हतो. नोकरीभर विमानाच्या पोटाखाली उताणा पडून ग्रीस पुसलं. म्हणून बोलणार ते चाकाबद्दल.

६ मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट. मी नागपूरला घरात टीव्हीसमोर. बातमी आली की नागपूरहून एक एअर अॅम्ब्युलन्स उडाली आणि उडतानाच तिचं एक चाक निखळून पडलं. दोन पंख्यांचं छोटं बीचक्राफ्ट विमान. आत पाच माणसं: दोन वैमानिक, एक रुग्ण, त्याचा नातेवाईक आणि डॉक्टर. विमान मुंबईत उतरवायचं ठरलं. नागपूर ते मुंबई हवेतून सुमारे ७०० किलोमीटर. मला जेवण गेलं नाही.

आता जरा कामाचं सांगतो. अशा विमानाला तीन पाय असतात, एक नाकाखाली आणि दोन पंखांखाली. पाय खाली येऊन घट्ट अडकले की वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात. पण दिवा सांगतो तो पाय अडकल्याचं. त्या पायाला चाक आहे की नाही, हे त्याला कळत नाही. चाक पडलेलं असलं तरी दिवा हिरवाच लागू शकतो.

मग नागपूरला कळलं कसं? विमानतळावर पहारा देणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या माणसाने चाक पडताना पाहिलं. त्याने लगेच कळवलं, निरोप एटीसीकडे गेला, तिथून वैमानिकाला. विमानाच्या यंत्राशी या माणसाचा काही संबंध नव्हता. त्याचं काम कुंपणाकडे बघायचं. 'आपल्याला काय करायचं' म्हणून तो गप्प बसला असता, तर?

कॅप्टन केसरी सिंग यांनी विमान पोटावर उतरवलं. चाक नसलेल्या पायावर भर दिला की विमान तिकडे कलतं, गर्रकन फिरतं, पंख जमिनीला लागतो. तिन्ही पाय आत घेतले तर ते निदान सरळ घसरतं. पंखे वाकतात, पोट खरवडतं, पण लोखंडाचं नुकसान भरून येतं. मुंबईत धावपट्टीवर फेस पसरला होता, ठिणग्यांनी आग धरू नये म्हणून. रात्री नऊच्या सुमाराला विमान त्या फेसात टेकलं. पाचही जण सुखरूप बाहेर आले.

बायको म्हणाली, तुम्ही कशाला रडता? तिला सगळं माहीत आहे, तरी म्हणाली.

माझे बाबा इथल्या कोळसा खाणीत माइनिंग सरदार होते, हे तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. ते खाली काठीने छत ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर छत पक्कं. भद्द आवाज आला तर वरचा थर सुटलेला, माणसं मागे घ्या. एखाद्या दिवशी माणसं मागे घेतली आणि छत पडलंच नाही, की साहेब चिडायचे, टनेज बुडालं म्हणून. बाबा संध्याकाळी चुनाभट्ट्यांच्या वाटेने घरी यायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला तेव्हा ते भित्रे वाटायचे. हे मी आज पहिल्यांदा बोलतोय.

नोकरीत पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. संध्याकाळी एका छोट्या विमानाचं उजवं चाक बदललं. चाक एक्सलवर नटाने बसतं, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून कॉटर पिन घालून तिचे पाय वाकवतात. दोन रुपयांची वस्तू. घरी जेवायला बसलो आणि आठवेना, की पाय वाकवले का? विमान सकाळी सहाला उडणार होतं. सायकल काढली, हँगरला गेलो, झाकण उघडलं. पिन होती. पाय सरळच्या सरळ.

पक्कड घेतली, वाकवले, झाकण लावलं. दोन मिनिटांचं काम. तपासणीच्या कागदावर आधीच सही झाली होती, माझी आणि माझ्या वरच्याचीही. गुपचूप घरी आलो असतो तर देवालाही कळलं नसतं. मी तिथे टायरवर वीस-पंचवीस मिनिटं बसून राहिलो, खोटं कशाला सांगू. मग लॉगबुकात लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या शिफ्टची सगळीच कामं पुन्हा तपासली गेली, विमान उशिरा सुटलं, माझी एक वेतनवाढ अडली, आणि वरचा माणूस वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्याची सही माझ्यामुळे खोटी ठरली होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बाबांना पत्र लिहून कळवलं. उत्तरात त्यांनी पावसाचं लिहिलं, म्हशीचं लिहिलं, आणि शेवटी एक ओळ, सुट्टीत आलास की खाणीवर ये, सगळ्यांची ओळख करून देतो.

आज शाळेतली पोट्टी मागे उभी आहेत, त्यांच्यासाठी एवढंच. या कामाला विमान देखभाल अभियंता म्हणतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं, पुढे डीजीसीएच्या परीक्षा देऊन लायसन मिळवावं लागतं. मी एक जुना एक्सल नट आणि कॉटर पिन सोबत आणली आहे. जेवणानंतर आपल्या दहावीच्या वर्गात बसतो, या आणि हातात घेऊन बघा. पक्कडही आणली आहे.