जाणारी रेष, येणारी रेष

मी रायपूरजवळच्या उरल्यातून बोलतोय, तेव्हा उदाहरणही इथलंच घेऊ. समजा, सिलतऱ्याहून स्पंज आयर्न भरून ट्रक उरल्याला येतो आणि रिकामा परत जातो. पायथनच्या नेटवर्कएक्समध्ये दोन ठिकाणांचे दोन बिंदू आणि दोन बाण काढले, की पडद्यावर एकच सरळ रेष दिसते. वजनाप्रमाणे जाडी दिली असेल, तर परतीची बारीक रेष जाड रेषेच्या पोटात जाते. ज्याला रिकाम्या फेरीचं डिझेल वाचवायचंय, त्याला नेमकी तीच फेरी दिसत नाही!

मिनार या फ्रेंच इंजिनियरने १८६९ साली नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा नकाशा काढला. जाताना ४,२२,००० सैनिकांचा रुंद पट्टा, परत आलेल्या १०,००० जणांची काळी बारीक पट्टी. पट्ट्या एकमेकांवर चढवल्या असत्या, तर उरलं काय असतं?

आपल्याकडे उपाय सोपा आहे. कडा काढणाऱ्या फंक्शनला ‘कनेक्शनस्टाइल’ द्यायची: ‘आर्क३,रॅड=०.२’. कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत. बिंदू १० सेंटिमीटर दूर असतील, तर मधोमध २ सेंटिमीटर बाजूला एक अदृश्य बिंदू धरला जातो आणि रेष त्याच्याकडे ओढली जाते. प्रत्यक्ष फुगवटा त्याच्या निम्मा, म्हणजे १ सेंटिमीटर.

आता खरी गोम. पुष्कळांना वाटतं, परतीच्या रेषेला उणे रॅड द्यावा. तसं केलंत, तर दोन्ही रेषा पुन्हा एकमेकींवर! बाणाची दिशा उलटली की बाजू आपोआप उलटते, म्हणून दोघींना एकच रॅड द्या. धन आकडा दिला तर रेष प्रवासाच्या उजव्या हाताला वळते. मी उणे ०.२ देतो, आपली वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे ट्रकवाल्याला आकृती समजावून सांगावी लागत नाही.

बाण नसलेल्या ग्राफमध्ये मात्र ‘ॲरोज=ट्रू’ लिहिल्याशिवाय वळण येत नाही. आणि रेषांवर टनांचे आकडे लिहायचे असतील, तर लेबलच्या फंक्शनलाही तीच कनेक्शनस्टाइल द्या. ही सोय ३.३ आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत रेष वळते, पण आकडे सरळ वाटेवरच उभे राहतात.