मनुष्याचें मोल : भीमातीरावरून कांहीं विचार

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें मंदिराच्या इतिहासाविषयीं बोलावें, अशी रीत आहे. तें काम माझ्यापूर्वींच्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. सबब मी आपलें लक्ष मंदिराच्या भिंतींबाहेर, शिरूर व दौंड या आपल्या दोन तालुक्यांतील भीमेच्या खोऱ्याकडे नेऊं इच्छितों.

मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणें घडला आहे, अशी आपली श्रद्धा आहे. त्याअर्थीं त्याचे हक्क कोणा सरकारनें दिलेले नव्हेत. पोप तेविसावे योहान यांनीं ११ एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकांत ही शिकवण विस्तारानें मांडली. परंतु आपल्या केडगांवास ती त्यापूर्वींच आचरणांत दिसली होती. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांतून अन्नान्न झालेल्या शेंकडों मुली व विधवा घेऊन आल्या, आणि त्यांस केवळ भाकरी न देतां अक्षर व हातचा धंदा दिला. बाई आपल्या पंथाच्या नव्हत्या. तेवढ्यावरून त्यांचें नांव या व्यासपीठावरून घेऊं नये, असें मला वाटत नाहीं.

आतां दुसरें गांव. १ जानेवारी २०१८ रोजीं, १८१८ च्या लढाईस दोनशें वर्षें झालीं म्हणून जयस्तंभास वंदन करण्यास आलेल्या दलित बांधवांवर कोरेगांव भीमा व सणसवाडी येथें दगडफेक झाली, गाड्या व दुकानें जळालीं, एक तरुण प्राणास मुकला. आपण त्या घटनेचा निषेध सहज करतों. मात्र सोयरीक ठरवितांना समोरच्या ख्रिस्ती कुटुंबाची जुनी जात हळूच विचारणारे आपणच, हेंही येथें बोलून टाकतों.

या प्रकरणाच्या तपासांतच आपल्या एका वृद्ध धर्मगुरूचें नांव गोंवण्यांत आलें. फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघाचे. तामिळनाडूंत जन्मलेले, पण झारखंडांतील आदिवासींमध्यें आयुष्य वेंचलेले. खटल्यावांचून तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांची दाद लागावी, म्हणून ते झटत होते. ८ ऑक्टोबर २०२० रोजीं राष्ट्रीय तपास यंत्रणेनें त्यांस रांचीहून अटक केली, तेव्हां त्यांचें वय ८३ होतें. कोरेगांव भीमा येथें आपण कधींही गेलों नाहीं, असें त्यांनीं अटकेपूर्वींच सांगून ठेविलें होतें. कंपवातानें हात एवढे कांपत कीं पाण्याचा पेला धरवत नसे. म्हणून तळोजा तुरुंगांतून त्यांनीं नळी व तोटीचा पेला मागितला. एवढ्याशा वस्तूसाठीं न्यायालयांत अर्ज करावा लागला, आणि त्यावर उत्तर देण्यास वीस दिवसांची मुदत मागण्यांत आली! २२ मार्च २०२१ रोजीं विशेष न्यायालयानें जामीन नाकारला. त्यावरील अपील उच्च न्यायालयांत चालू असतांनाच ५ जुलै २०२१ रोजीं वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयांत त्यांचा अंत झाला. आरोप गंभीर होते, हें मी लपवीत नाहीं. पण ते सिद्ध करण्याची सुनावणीच सुरू झाली नव्हती, आणि शिक्षा मात्र भोगून झाली.

कोणी म्हणतील, धर्मगुरूनें राजकारणांत पडूं नये. पक्ष व निवडणुका यांपुरतें तें मला मान्य आहे. पण तहानलेल्या म्हाताऱ्याच्या पेल्याची गोष्ट राजकारणाची कशी? आपण येथें मूठभर आहोंत, भीति वाटते, हें खरें. तें मी हंसण्यावारी नेत नाहीं. चांगल्या शमरोन्याच्या दृष्टांतांतील तो याजकही बहुधा भ्यालाच असेल, कारण रस्ता चोरांचा होता. तरी प्रभूनें त्याची बाजू घेतली नाहीं.

मूठभर लोकांनीं काय करावें, याचें एक उदाहरण दूरदेशचें आहे. मे १९९८ मध्यें इंडोनेशियाचें चलन कोसळून महागाई भडकली असतां जकार्तांत चिनी वंशाच्या लोकांचीं घरेंदुकानें जाळण्यांत आलीं; एक हजाराहून अधिक माणसें मेलीं, त्यांतील पुष्कळशीं जळत्या बाजारइमारतींत अडकलेलीं गरीब माणसें होतीं, आणि त्यांस लुटारू म्हणून मोकळें होणें सोयीचें होतें. २१ मे रोजीं बत्तीस वर्षांची सत्ता सोडून सुहार्तो पायउतार झाले. ख्रिस्ती तेथेंही अल्पसंख्यच. तरी फादर सांद्यावान सुमार्दी या येशूसंघीय धर्मगुरूनें व त्यांच्या स्वयंसेवकांनीं मृतांची मोजदाद केली, पीडितांच्या साक्षी उतरून घेतल्या. त्यांनीं केलें तें एवढेंच, पण ज्यांना विसरावयाचें होतें त्यांना तें विसरतां आलें नाहीं.

आपल्या हातीं आहे तें याहून लहान. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरतां येत नाहीं म्हणून कोठडींत राहिलेले लोक असतात. त्यांत कारखान्यांत व उसाच्या फडांत राबणारे परगांवचे मजूर असतात, ज्यांस हमी देण्यास येथें कोणी नसतें. आजच्या मिस्सेंतील दुसरें दान त्यांच्यासाठीं वेगळें ठेविलें आहे. आपल्यापैकीं जे वकील आहेत, किंवा ज्यांस अर्ज नीट लिहितां येतो, त्यांनीं येत्या रविवारीं मिस्सेनंतर मला भेटावें.