जुन्या संगणकाची स्मृतिवृद्धी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंतचे विषय झाल्यावर आम्ही एका जुन्या संगणकाच्या स्मृतीविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु प्रसंगच तसा आहे. एका सभासद-कुटुंबाने वाचनालयास दिलेला ‘मॅकिंटॉश प्लस’ अद्यापि चालतो. तो काचेच्या कपाटात जसाच्या तसा ठेवावा, की उघडून, स्मृती वाढवून रविवारच्या बालवर्गाच्या हाती द्यावा, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. आमचा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. त्याची कारणे आपणापुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

या यंत्राचे घराणे २४ जानेवारी १९८४ रोजी जगापुढे आले. नऊ इंची पडदा, फ्लॉपीचा खण आणि संगणक हे सारे एकाच सुटसुटीत पेटीत. वर उचलण्यासाठी खाच. किंमत २,४९५ डॉलर. पण स्मृती अवघी १२८ के, म्हणजे १,३१,०७२ बाइट. त्यांतील २१,८८८ बाइट, म्हणजे सहावा हिस्सा, पडद्यावरील चित्र धरून ठेवण्यातच खर्ची पडे. एका फ्लॉपीची नक्कल करावयाची तर स्मृतीत मावेल तेवढाच घास घ्यावा, दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवावा आणि पुन्हा पहिली फ्लॉपी आत घालावी, असा खेळ कितीतरी वेळ चाले.

हे अपुरेपण निर्मात्यांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. यंत्राची मुख्य पट्टी रचणारे बरेल स्मिथ यांना ही स्मृती लवकरच तोकडी पडणार, हे दिसत होते. चौपट क्षमतेच्या चिप पुढे-मागे बसविता याव्यात म्हणून त्यांनी पट्टीवर काही जादा तारमार्ग आखले. ग्राहकाने यंत्राच्या पोटात हात घालावा हे स्टीव्ह जॉब्ज यांना मुळीच रुचत नव्हते. त्यांनी विरोध केला. परंतु खर्च नगण्य होता आणि या वादात स्मिथ यांची सरशी झाली, असे त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नमूद करून ठेवले आहे. १९८४ सालीच कंपनीने ५१२ केचे यंत्र बाजारात आणले. आणि धाडसी मंडळी जुन्या यंत्रातील सोळा चिप उपटून, नव्या डाख देऊन बसवून, घरच्या घरी तोच पल्ला गाठू लागली. जानेवारी १९८६ मध्ये आलेल्या ‘प्लस’मध्ये तर कंपनीनेच चिपच्या छोट्या पट्ट्या बसविण्यासाठी चार खाचा दिल्या. जे आरंभी निषिद्ध होते, ते दोन वर्षांत राजमान्य झाले.

ही स्मृती म्हणजे असते तरी काय? रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, त्या रचनेत प्रत्येक अंकासाठी एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. त्यात विद्युत्भार असला तर एक, नसला तर शून्य. पण हे भांडे गळके असते. काही सहस्रांश सेकंदांत ते पुन्हा भरावेच लागते. या मॅकिंटॉशमध्ये पडद्यासाठी जे अखंड वाचन चालते, त्यातूनच हे पुनर्भरण साधते. वीज गेली की मात्र सारे विस्मरणात जाते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आपल्या यंत्रात मूळचीच एक मेगाबाइट स्मृती आहे, म्हणजे २५६ केच्या चार पट्ट्या. त्यांच्या जागी एकेक मेगाबाइटच्या चार पट्ट्या बसविल्या की स्मृती चार मेगाबाइट होते. याहून अधिकास ‘प्लस’मध्ये जागाच नाही. तीस टाचांची प्रत्येक पट्टी एका वेळी आठ अंक देते आणि ६८००० हा प्रोसेसर एका वेळी सोळा मागतो. म्हणून पट्ट्या जोडीजोडीनेच बसवाव्या लागतात. त्यांचा वेग १५० नॅनोसेकंद किंवा त्याहून जलद असावा.

पेटीचे स्क्रू टॉर्क्स जातीचे आहेत. त्यांपैकी दोन मुठीच्या खाचेत खोल दडलेले असल्याने लांब दांड्याचा पेचकस लागतो; एक बॅटरीच्या झाकणाखाली आहे, तो हटकून विसरला जातो. पेटी उघडताच आतल्या पाठीवर रचनाकारांच्या स्वाक्षऱ्या उठविलेल्या दिसतील. १९८२ साली त्यांनी त्या केल्या आणि त्या थेट साच्यातच कोरल्या गेल्या. जे दालन ग्राहकाने कधी पाहू नये असे ठरले होते, तेथेच कारागिरांनी आपली नावे ठेवावीत, हे आम्हांस मोठे बोलके वाटते.

येथे मात्र आम्ही हात जोडून सावध करतो. चित्रनलिकेवर दहा हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तिचा भार जाणकारानेच रीतसर उतरवावा. मुलांनी त्या वेळी दूर बसावे. नलिकेची मान काचेची व नाजूक असते. तिला धक्का लागला की पडदा कायमचा गेला. शिवाय अमेरिकेत विकलेले यंत्र १२० व्होल्टचे असते. पाठीवरील पट्टी वाचल्याखेरीज ते आपल्याकडील विजेला जोडू नये.

मुख्य पट्टी बाहेर काढल्यावर स्मृतीच्या पट्ट्या तिरप्या करून सोडवाव्यात. खाचांच्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांवर जोर देऊ नये. ‘२५६ के बिट’ अशी खूण असलेला रेझिस्टर तोडावा लागतो. पण त्याचा एकच पाय कापून किंचित वर उचलावा, म्हणजे उद्या तो पुन्हा जोडता येईल. यानंतर यंत्र सुरू करताच पडदा उजळण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागेल. तो दोष नव्हे. यंत्र वाढलेली स्मृती तपासून पाहत असते.

लाभ कोणता? फ्लॉपीची नक्कल एकाच घासात होईल. स्मृतीचाच एक भाग तबकडीसारखा वापरता येईल, त्यामुळे जीर्ण फ्लॉपी-यंत्राची झीज कमी होईल. १९९१ साली आलेली ‘सिस्टीम ७’ निदान दोन मेगाबाइट मागते. पुढे बाहेरची हार्ड डिस्क मिळाल्यास तीही चालविता येईल.

मूळ वस्तूस हात लावू नये, हा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप आम्ही आदरपूर्वक ऐकला आहे. जेथे एखादे यंत्र जगात एकुलते एक असेल, तेथे तो आम्हांसही मान्य आहे. परंतु हे यंत्र लक्षावधींपैकी एक आहे, आणि कपाटात बंद राहिल्याने वस्तू सुरक्षित राहतेच असे नाही. आत विसरलेली बॅटरी पाझरून धातू खाते, आणि आपल्याला ते वर्षानुवर्षे कळतही नाही. उघडणाऱ्या हाताने निदान पाहिलेले तरी असते. म्हणून आमची सूचना अशी: काढलेल्या चारही पट्ट्या विजेपासून जपणाऱ्या पिशवीत ठेवाव्यात, काय बदलले व केव्हा बदलले याचा कागद पेटीसोबत ठेवावा, आणि मगच काम करावे. जो बदल परत फिरविता येतो, त्याने मूळ वस्तूचा घात होत नाही.

मराठी मुलखापासून दूर राहून आपण पन्नास वर्षे भाषा जपली, ती बोलून, नाटके बसवून, मुलांकडून वाचवून घेऊन. कुलुपात ठेवून नव्हे. गळक्या भांड्यात वारंवार भरणा करावा लागतो, हे आपल्यासारख्यांना निराळे सांगावयास नको. त्याच न्यायाने बालवर्गातील मुलांनी हे यंत्र उघडलेले पाहावे, ते कसे आठवते आणि कसे विसरते हे समजून घ्यावे आणि त्यावर काम करावे, अशी आमची इच्छा आहे. कार्यकारिणीने या प्रस्तावास संमती द्यावी अशी आमची विनंती आहे.