दोन पंगती, एकच बोट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळातल्या बायका पंढरपूर, तिरुपती करून आल्या की वर्धापनदिनाला येथे चार शब्द सांगतात. या खेपेला ती पाळी माझ्यावर आली आहे. मी सातवी शिकलेली, भाषण करण्याची सवय नाही. जे पाहिले तेवढे सांगते.

आम्ही दोघे २०२४ सालच्या डिसेंबरात बोटीने फिरून आलो. आपल्याला बोट म्हणजे वैनगंगेतला डोंगा. ही 'एम्प्रेस' नावाची बोट मात्र अकरा मजल्यांची. फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट १९९० साली पाण्यावर आली. बरीच वर्षे परदेशात फिरली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने मुंबईहून तिच्या फेऱ्या सुरू केल्या. एक फेरी मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्रींची. दुसरी लक्षद्वीपची, त्याहून मोठी. आम्ही पहिली फेरी संपताच न थांबता दुसरीही केली.

का, असे सगळ्याच विचारतात. भंडारा रोडहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई म्हणजे सुमारे ९०० किलोमीटर. एवढे जायचे आणि दोन रात्रींत परतायचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. म्हणून मुंबईच्या भाच्याने दोन्ही फेऱ्या जोडून दिल्या.

आता ज्यांना असे जायचे असेल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तुम्हाला तो एकच प्रवास वाटतो, पण बोटीच्या वहीत ती दोन वेगळी तिकिटे असतात. पहिल्या फेरीचा हिशेब त्या फेरीबरोबर मिटतो, दुसरीचा नवा. खोली तीच हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगावे, नाहीतर मध्येच बोचके आवरावे लागते. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध घ्यावी. तेथे हेलकावे कमी लागतात. औषधे सगळ्या दिवसांची जवळ ठेवावीत. मळमळीसाठी आल्याची वडी बरी. लक्षद्वीपला जायला आपल्याच देशात असूनही आगाऊ परवाना लागतो. तेथे मोठी बोट काठाला लागत नाही; दूर नांगर टाकतात आणि लहान होड्यांतून नेतात. समुद्र खवळला तर उतरता येत नाही, हेही मनात धरून जावे. आम्हाला उतरता आले. पाणी मोरचुदासारखे निळे आणि तळची वाळू स्वच्छ दिसत होती.

पहिल्या फेरीत मी समुद्र फारसा पाहिलाच नाही. जिना कोठे, जेवणघर कोठे, आपली खोली कोणत्या बाजूला, यातच दोन दिवस गेले. खेळ-तमाशे आणि पदार्थ दुसऱ्या फेरीत बरेचसे तेच. त्यांत नवे शोधू नये. नवा असतो तो आपला जीव निवांत झालेला. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला, म्हणून सूर्य डावीकडे उगवतो आणि उजवीकडे मावळतो, हे मला दुसऱ्या खेपेला कळले.

दोन फेऱ्यांमधला दिवस मात्र पाहण्यासारखा. सकाळी सगळे पाहुणे उतरले आणि बोट पाठवणी झालेल्या लग्नघरासारखी झाली. बोळात चादरींचे ढीग. तोवर खाली भाजीपाला, दूध चढत होते. एक पंगत उठली आणि खरकटे काढून दुसरी मांडायची, तीही काही तासांत. संध्याकाळी नवे वऱ्हाड आले तेव्हा सगळे जागच्या जागी. गुलाबपाणी शिंपडणारा माणूसही तोच आणि तसाच हसरा.

बोट सुटण्याआधी जीव वाचवण्याची कवायत असते. दुसऱ्या फेरीला पुन्हा बोलावले तेव्हा आमचे 'हे' म्हणाले, "परवाच तर केली." मी म्हटले, चला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कोर्डिया' नावाची बोट खडकावर आपटली आणि ३२ माणसे गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर १ जानेवारी २०१५ पासून जगभर नियम झाला की नव्या प्रवाशांची कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच झाली पाहिजे. आणि आपल्या महाराष्ट्राने तर १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट गमावली आहे. शेकडो माणसे बुडाली. तेव्हा दहा मिनिटांचा कंटाळा करू नये.

एक गोष्ट सांगून संपवते. आमची खोली झाडणारा मुलगा रत्नागिरीकडचा. आठ महिन्यांचा करार, त्यातले पाच झालेले. दुसऱ्या फेरीला आम्ही खोलीतच दिसलो तेव्हा म्हणाला, "काकू, तुम्ही राहिलात, बरे वाटले. इथे नाव पाठ होईपर्यंत माणूस उतरून जाते." मी विचारले, "जेवलास का रे?" तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आज पाळी उशिराची आहे."

भगिनींनो, पंचवीस वर्षे मी घरात पंगती वाढल्या. आपल्याकडे बायकांची पंगत शेवटची, हे कोणाला सांगायला नको. त्या बोटीवर मी लागोपाठ दोन पंगतींना बसले. पहिल्या पंगतीला ताट दिसले. दुसरीला वाढणारा दिसला. दुप्पट पैसे गेले असे हे अजून म्हणतात. मला तसे वाटत नाही. तुम्ही जाल तर वाढणाऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आजच्या कार्यक्रमानंतर फराळ आहे. मागे चुलीजवळ आपल्या सहा-सात भगिनी सकाळपासून खपत आहेत. त्यांना माझे हे भाषण ऐकता आले नाही. अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर आज पहिली पंगत त्यांची बसवू या. वाढायला मी उभी राहते.