अनोळखी गिऱ्हाइकाचें ताट

मराठींत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. एकाच पंगतीला बसलेल्या दोघांपैकीं एकाच्या भातावर तुपाची धार अंमळ जड पडावी आणि दुसऱ्याच्या भातावर नुसता शिंतोडा उडावा, या प्रकाराला हें नांव आहे. लग्नामुंजीच्या पंगतींत हा दोष घडला तर यजमानाला त्याबद्दल वर्षानुवर्षें बोल लागतो. परंतु जेथें प्रत्येक जण आपल्या ताटाचे पैसे स्वतः मोजतो, अशा नामांकित उपाहारगृहांतही पंक्तिप्रपंच चालतो, आणि तेथें तो बहुधा कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. सन १९९३ मध्यें अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं तो एकदां चव्हाट्यावर आला. ती हकीगत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

‘ल सर्क’ म्हणजे फ्रेंच भाषेंत सर्कस. या नांवाचें उपाहारगृह सिरिओ माचोनी या इटालियन गृहस्थांनीं १९७४ सालीं न्यूयॉर्कमध्यें काढलें. पुढें त्याची कीर्ति अशी पसरली कीं, माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासारख्या बड्या असामींची तेथें नेहमीं ऊठबस होऊं लागली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ हें वृत्तपत्र शहरांतील उपाहारगृहांचें परीक्षण करून त्यांस तारे बहाल करतें. चार तारे म्हणजे शिकस्त. हे चारही तारे ‘ल सर्क’च्या पदरीं होते.

१९९३ सालीं या वृत्तपत्राच्या परीक्षकपदावर रूथ रायशल या विदुषींची नेमणूक झाली. तत्पूर्वीं त्या लॉस एंजेलिस येथील एका वृत्तपत्रांत हेंच काम करीत असत. त्या विमानानें न्यूयॉर्कला येत असतां शेजारीं बसलेल्या एका स्त्रीनें त्यांना ओळखलें. ही स्त्री न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहांत वाढण्याचें काम करीत होती. तिनें सांगितलें कीं, रायशलबाईंचें छायाचित्र तेथील भटारखान्यांच्या भिंतींवर आधींच लागलें आहे! परीक्षक दारांत येतांच ओळखूं यावा आणि त्याची बडदास्त नीट ठेवली जावी, एवढ्यासाठीं ही तजवीज होती. यांतील मर्म बाईंनीं तत्काळ हेरलें. ओळखल्या गेलेल्या परीक्षकापुढें जें ताट येतें, तें त्याच्या वाचकापुढें कधींच येणार नाहीं. मग त्या परीक्षणाचा वाचकाला उपयोग काय? तेव्हां त्यांनीं केसांचा टोप चढविला, साधे, अनाकर्षक कपडे घातले, मॉली असें नांव धारण केलें आणि मिशिगन प्रांतांतून आलेली एक माजी शाळाशिक्षिका म्हणून त्या ‘ल सर्क’च्या दारांत उभ्या राहिल्या.

जागा राखून ठेवली आहे काय, हा तेथील पहिला प्रश्न. प्रश्न साधा, परंतु विचारण्याचा सूर असा कीं, ऐकणाऱ्याला आपण आगंतुक आहोंत असें वाटावें. धूम्रपानाचा उपद्रव नसलेली जागा त्यांनीं मागितली होती. मिळाली ती धुराच्या बाजूची. मद्यांची यादी हातांत येऊन वाचावयास सुरुवात होते न होते तोंच मुख्य वाढप्यानें ती दुसऱ्या कोणासाठीं मागून नेली, आणि ती परत येण्यास वीस मिनिटें लागलीं. चार तारे मिळविलेल्या घरीं एका शिक्षिकेचा सत्कार झाला तो हा.

बाई पांच महिन्यांत पांच वेळां तेथें जेवल्या. चौथ्या खेपेस मालकांना त्यांची ओळख पटली. त्या वेळीं जेवण गोडापर्यंत येऊन ठेपलें होतें. ओळख पटतांच समोरची मिठाईची लहान बशी उचलली गेली आणि तिच्या जागीं भलीमोठी, थाटाची बशी आली. नव्या गोड पदार्थावरील रासबेरीचीं फळें आधींच्या फळांच्या जवळजवळ तिप्पट मोठीं होतीं! भटारखाना तोच आणि किंमतही तीच. फळांचा आकार मात्र गिऱ्हाइकाच्या नांवावर ठरत होता. पुढच्या भेटींत तर स्पेनचे राजे बारमध्यें ताटकळत आहेत, परंतु बाईंचें टेबल तयार आहे, असें सांगून माचोनी त्यांना सन्मानानें आंत घेऊन गेले.

२९ ऑक्टोबर १९९३ रोजीं हें परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत अनोळखी गिऱ्हाइकाचें जेवण आणि मानकऱ्याचें जेवण अशीं दोन वर्णनें शेजारीं शेजारीं मांडलीं होतीं. चारांतील एक तारा कमी झाला. रायशलबाईंनीं आपल्या २००५ सालच्या पुस्तकांत ही सारी हकीगत विस्तारानें सांगितली आहे.

यावर दुसऱ्या बाजूनें बोलण्यासारखें नाहीं असें नव्हे. जो गृहस्थ आठवड्यांतून दोनदां येतो, ज्याच्या येण्यावर धंदा उभा आहे, त्याचें स्वागत मालकानें अधिक जिव्हाळ्यानें केलें तर तो माणुसकीचाच भाग होय. ओळखीच्या माणसाशीं चार शब्द अधिक बोलणें यांत कोणाचें कांहीं हिरावलें जात नाहीं. परंतु मोठीं फळें एकाच्या बशींत आणि लहान दुसऱ्याच्या बशींत, एकाची यादी काढून दुसऱ्याच्या हातांत, हें जेव्हां एकाच दरानें घडतें तेव्हां तो जिव्हाळा राहत नाहीं. एकाच्या पैशानें दुसऱ्याचा पाहुणचार होतो. महाराष्ट्रांतील जुन्या पंगती निर्दोष होत्या असें कोणी म्हणणार नाहीं; जातीजातींच्या पंगती वेगळ्या मांडून मोठा अन्याय त्यांत घडतच होता. तथापि एका पंगतींत बसविल्यावर वाढतांना डावेंउजवें करूं नये, एवढी मर्यादा त्या समाजालाही कळत होती.

या हकीगतींतील खरी शिकवण याहून पुढची आहे. ‘ल सर्क’ची स्तुति करणारे खोटें बोलत नव्हते. त्यांनीं जें खाल्लें तें उत्तमच होतें. मात्र बोलणारे सारे मोठ्या फळांचे धनी होते, आणि लहान फळांच्या वांट्याला आलेल्या माणसाचें मत विचारण्यास कोणी जात नव्हतें. म्हणजे ती कीर्ति खोटी नव्हती. ती दुसऱ्याच्या ताटाची कीर्ति होती. वर्षभर पैसे साठवून, लग्नाच्या वाढदिवसाला एकदांच अशा ठिकाणीं जाणारें जोडपें निराश होऊन परततें, आणि आपल्यालाच या जेवणाची पारख नाहीं असें समजून मुकाट्यानें बसतें. रायशलबाईंच्या परीक्षणानें या लोकांना सांगितलें कीं, दोष त्यांच्या जिभेचा नव्हता.

माचोनी यांना हा धडा वायां गेला असें म्हणतां येत नाहीं. १९९७ सालीं त्यांनीं नव्या वास्तूंत ‘ल सर्क’ उभें केलें तेव्हां याच बाईंनीं त्यास पुन्हां चार तारे दिले. पुढें आणखी एक स्थलांतर होऊन तें २०१७ अखेर बंद पडलें, आणि २०२० सालीं माचोनीही निवर्तले. इकडे ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें २०२५ सालीं आपल्या नव्या परीक्षकांचे चेहरे उघड केले, टोप आणि टोपणनांव यांचा जमाना तेथें संपला. परीक्षकाला दारांतच ओळखलें जाणार असेल, तर लहान बशीची हकीगत सांगण्याचें काम अनोळखी गिऱ्हाइकावरच येऊन पडतें. एखाद्या उपाहारगृहाची स्तुति कानीं आली म्हणजे सुज्ञानें एवढेंच विचारावें: सांगणाऱ्याला तेथें कोणी ओळखत होतें काय?