लसीची चित्रकथा



मराठीच्या प्राध्यापकाने लसीकरणावर बोलावे आणि त्यासाठी चित्रकथांचा आधार घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. सुरुवातीच्या वर्षांत शाळेत शिकवताना मी स्वतः बाकाखाली दडवलेली इंद्रजाल कॉमिक्स जप्त केलेली आहेत. घरी नेऊन ती वाचलीही आहेत, हे आज कबूल करण्यास हरकत नाही.

बालाघाट जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, त्या काळची गोष्ट. गावात देवी काढणारा आला की आजी मला धान्याच्या कोठीमागे लपवी. पुढे एका उन्हाळ्यात शेजारची, माझ्याच वयाची मुलगी देवीने गेली. त्यानंतरच्या खेपेला आजीनेच माझा हात धरून मला त्याच्यापुढे बसवले. तिला कोणी व्याख्यान दिले नव्हते. तिने पाहिले होते.

आपल्या भाषेत रोगही देवी आणि त्यावरचा उपायही देवीच. देवी येतात आणि देवी काढतातही. हिंदीत लस म्हणजे टीका. मराठी घरातल्या मुलाला मात्र टीका म्हणजे दोषदर्शन. दोन भाषांच्या सीमेवरील आपल्या जिल्ह्यात, जिथे पोवारी आणि गोंडीही बोलतात, नुसत्या शब्दांवर विसंबून कसे चालेल?

देवी-निर्मूलनाच्या मोहिमेने हे जाणले होते. १९७३ नंतर शोध घेणारे कर्मचारी देवीचे फोड आलेल्या बालकाचे चित्र घेऊन घरोघर फिरत आणि असा रोगी कोठे पाहिला का, एवढेच विचारीत. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला.

या यशातूनच आजची अडचण उभी राहिली आहे. आजच्या किशोराने देवी पाहिलेली नाही, घटसर्पाने घुसमटणारे मूलही बहुधा पाहिलेले नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी त्याला घटसर्प-धनुर्वाताची लस द्यावयाची असते, पण त्याच्या डोळ्यांपुढे असते ती फक्त सुई. २०१७ साली गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा अफवा भ्रमणध्वनीवरून हां हां म्हणता पसरल्या. आजीने जे पाहिले ते या मुलांना प्रत्यक्ष पाहावे लागू नये, म्हणून चित्र हवे.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या मंडळींनी २०१७ मध्ये गोवर आणि लस या विषयांवर किशोरांसाठी एक चित्रकथा प्रसिद्ध केली. तिच्या निर्मितीत बॉब हॉल हा अतिमानवांच्या चित्रमालिका काढणारा चित्रकार होता. परंतु मला अधिक जवळची वाटते ती आपल्याकडील रीत. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने सामान्य माणसांनाच चित्रकथा काढावयास शिकवले : दोन साधे कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, आपली गोष्ट आपल्या बोलीत लिहायची, छायाप्रती काढून भिंतीवर लावायच्या. चित्र वाकडे आले तरी चालते. संवादाचा फुगा इतका लहान असतो की त्यात सरकारी परिपत्रकाची भाषा मावतच नाही. भाषेच्या शिक्षकाला याहून मोठे समाधान कोणते?

एक तक्रार मात्र नोंदवतो. अशा चित्रांत रोगजंतू राक्षस असतो आणि लस तलवार घेऊन त्याला मारते. हे खरे नव्हे. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते. लढावयाचे शरीरालाच असते, म्हणून तर लस आधी घ्यावी लागते. पंधरा वर्षांच्या मुलाला तलवारीची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा दंड दुखला, थोडा ताप आला, की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. दुखरा दंडही एका चौकटीत यावा. शंका विचारणारे एक पात्रही असावे, आणि त्याला मूर्ख ठरवू नये. माझी आजी मूर्ख नव्हती.

या व्याख्यानाच्या निमित्ताने नववीच्या विद्यार्थ्यांना मी अशी पाने काढावयास सांगितली होती. ती बाहेर व्हरांड्यात लावली आहेत. जाताना अवश्य पाहावीत. एका पानावरची आजी पोवारीत बोलते. दुसऱ्या एका पानावर तिसरी चौकट दोनदा खोडलेली दिसेल. सुई टोचल्यावर आत नेमके काय घडते, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. ते विचारण्यासाठी ती मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंकडे गेली आणि घंटा झाली तरी परतली नाहीत.