गोमंतकाच्या इतिहासातील काही तारखा
(गोवा क्रांतिदिनानिमित्त शिक्षक व ग्रामस्थांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



राष्ट्रीय दिनांच्या तारखा मुले पाठ करतात. परंतु तेवढ्याने इतिहास कळत नाही. प्रत्येक तारखेला एक प्रश्न विचारावा, असे मला सुचवावयाचे आहे : त्या दिवशीचा निर्णय कोणी घेतला?

२५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकले. तो निर्णय तलवारीचा होता. बारदेश व सासष्टी १५४३ मध्ये गेले. डिचोली, सत्तरी, पेडणे इत्यादी नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. कोठेही रयतेला विचारले गेले नाही.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले व येथील हिंदूंना समान नागरी हक्क लाभले. पण लिस्बनने दिलेले लिस्बनला काढूनही घेता येत होते. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांचा दर्जा खालावला. सभेला परवानगी लागे. लग्नपत्रिकादेखील सरकारी तपासणीवाचून छापता येत नसे.

या पार्श्वभूमीवर १८ जून १९४६ चे महत्त्व ध्यानी येते. भर पावसाळ्यात डॉ. राममनोहर लोहिया व डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी मडगावी सभाबंदी मोडली. दोघांना अटक झाली, परंतु लोकांचे मौन सुटले. त्याच वर्षी त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात पाठविण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. अखेर १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना गोव्यात आली आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आले. पोर्तुगालने हे सत्य करार करून मान्य केले, ते मात्र ३१ डिसेंबर १९७४ रोजी.

मुक्तीनंतरच्या तारखांकडे आपले लक्ष कमी जाते. ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेची पहिली निवडणूक झाली व श्री. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व संघप्रदेश राखण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. एकाच घरात दोन मते होती. तरीही मतपेटीचा कौल मानला गेला. ३० मे १९८७ रोजी गोवा पंचविसावे घटक राज्य झाले. साडेचारशे वर्षे ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांना आता विचारणे भाग पडले होते.

१९४६ पाहिलेली माणसे आता विरळ झाली आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा वडीलधाऱ्यांकडे पाठवावे व त्यांच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात. ग्रामस्थांना माझी विनंती एवढीच की, ग्रामसभेची जागा रिकामी ठेवू नये. आज तेथे उभे राहून बोलण्यास कोणाची परवानगी लागत नाही. याच हक्कासाठी मडगावी अटक पत्करली गेली होती.

जय हिंद.